पाऊस यायच्या आत एकोणीस ग्रीन: मे महिन्यातल्या बंदीचा माझा अनुभव

मुंबईत गोल्फचं मैदान मे महिन्यात बंद करायचं म्हटलं की सभासद दरवर्षी एकच प्रश्न विचारतात: एवढ्या उन्हात गवताला भोकं पाडलीत तर ते जगणार कसं? आमच्या ग्रीनवर, म्हणजे जिथे चेंडू शेवटी खळगीत ढकलतात त्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, बर्म्युडा गवत आहे, आपल्या हरळीचाच संकर. हरळीला ऊन मानवतं. जमीन तापलेली असली आणि पाणी वेळेवर मिळालं तर मेमध्ये पाडलेलं भोक बारा-चौदा दिवसांत बुजतं. तेच जानेवारीत पाडलं तर महिना उलटला तरी ग्रीनवर ठिपके दिसत राहतात. पावसाळ्यात तर ढगांमुळे ऊनच मिळत नाही. म्हणून मोठी दुरुस्ती मेमध्येच.

ही सगळी तयारी जुलैसाठी असते. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर या काळात सरासरी २३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गवताच्या बुडाशी वर्षभरात मेलेल्या काड्या-मुळांची तपकिरी गादी साचते. ती पाणी धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही, वर शेवाळ चढतं आणि ऑगस्टमध्ये ग्रीनला टक्कल पडतं. भोकं पाडून ही गादी बाहेर काढायची आणि तिच्या जागी वाळू भरायची, हे मेमधलं मुख्य काम. चाकूने चार बोटं खोल पाचर कापायची आणि गादी पट्टीने मोजायची. १२ मिलिमीटरच्या वर गेली असेल तर एका मेमध्ये भागणार नाही, पावसाळ्यानंतर पुन्हा भोकं पाडावी लागतील, हे समितीला आधीच सांगून ठेवावं.

पूर्वी आम्ही १५ मेला बंद करून ५ जूनला उघडायचो. मुंबईत मोसमी पावसाची नेहमीची तारीख ११ जून, त्यामुळे हिशेब बसायचा. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळाने झाडं आडवी केली, आणि २०२५ ला तर पाऊस २६ मेलाच मुंबईत दाखल झाला. त्या वर्षी शेवटच्या चार ग्रीनवरची वाळू भोकांत उतरायच्या आत भिजली, वर थापी मारल्यासारखी बसली आणि खालचं गवत पिवळं पडलं. रबरी पट्टीने ओढून ती काढावी लागली. आता आम्ही २ मेला बंद करून २३ मेला उघडतो. अडचण माणसांची असते, कारण मे म्हणजे गावी जायचा महिना. मशीन चालवणाऱ्या दोघांची आणि वाळू पसरणाऱ्या मुख्य माळ्याची रजा मार्चमध्येच ठरवून घ्यावी, एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा २० मेनंतर. नाक्यावरून रोजंदारीची माणसं मिळतात, पण त्यांच्या हातात फावडं द्यावं, भोकं पाडायचं मशीन म्हणजे एअरेटर देऊ नये.

लव्हाळ्याचं काम बंदीच्या आधीच उरकायचं. हाताने उपटला तर खाली गाठी राहतात आणि एकाचे चार होतात. फेअरवेवर, म्हणजे ग्रीनपर्यंत जाणाऱ्या हिरवळीच्या पट्ट्यावर, आणि ग्रीनच्या कडेला आम्ही एप्रिलमध्ये हॅलोसल्फ्युरॉन ७५ टक्के हे तणनाशक एकराला ३६ ग्रॅम या प्रमाणात, चिकटद्रव घालून फवारतो. फवारणीच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस कापणी बंद, नाहीतर औषध घ्यायला पानच उरत नाही.

आता वाळू. माझ्या मते निम्मी बंदी वाळूवरच यशस्वी होते किंवा फसते. आधी हिशेब. ग्रीन सरासरी ५०० चौरस मीटरचं धरू. १२.५ मिलिमीटर व्यासाची भोकं, ५ सेंटिमीटर अंतराने म्हणजे चौरस मीटरला ४००, खोली ८ सेंटिमीटर. एवढ्यात ग्रीनचा सुमारे ५ टक्के पृष्ठभाग उघडतो. भोकं भरायला २ घनमीटर वाळू लागते आणि वर २ मिलिमीटरचा थर द्यायला आणखी १ घनमीटर. एकूण ३ घनमीटर, म्हणजे एका ग्रीनला जवळपास एक ब्रास. अठरा ग्रीन आणि सरावाचं एक, अशा एकोणिसांना वीस ब्रास. सांडलवंड धरून आम्ही बावीस मागवतो.

भाव विचारायच्या आधी कण विचारावेत. किमान ६० टक्के कण पाव ते एक मिलिमीटर या आकाराचे हवेत. एक मिलिमीटरच्या वरचे १० टक्क्यांहून जास्त नकोत, आणि बारीक भुकटी, गाळ व चिकणमाती मिळूनही १० टक्क्यांच्या आत. बांधकामाची क्रश सँड चालत नाही. काळ्या दगडाची भुकटी तिच्यात फार असते आणि टोकदार कण एकमेकांत अडकून घट्ट बसतात. खाडीची वाळू मिठामुळे बाद. आम्ही सिंधुदुर्गातल्या कासार्डे भागातली धुतलेली, चाळलेली सिलिका वाळू वापरतो. नमुना चांगला आणि गाडी वेगळी, हा प्रकार एका पुरवठादाराकडून आमच्या वाट्याला आला आहे. तेव्हापासून प्रत्येक गाडी रिकामी करण्याआधी तपासतो. एक लिटरच्या पारदर्शक बाटलीत तिसरा हिस्सा वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. मिनिटभर हलवून ठेवायची. वाळू काही क्षणांत तळाला बसते, गाळ तासा-दोन तासांनी तिच्यावर पातळ सायीसारखा दिसतो. दहा सेंटिमीटर वाळूवर तीन मिलिमीटरपेक्षा जास्त साय दिसली तर गाडी परत. दुसऱ्या वाटीत थोडी वाळू घेऊन व्हिनेगर टाकायचं. फसफसली तर शिंपल्यांचा चुरा आहे. तिसरी तपासणी मिठाची. वाळू स्वच्छ पाण्यात ढवळून टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवायचा आणि साध्या पाण्याच्या आकड्याशी ताडून पाहायचा.

आलेली वाळू ताडपत्रीवर चार बोटं जाड पसरून दोन दिवस उन्हात उलटसुलट करायची आणि संध्याकाळी झाकायची. मुंबईची हवा दमट, रात्री उघडी राहिलेली वाळू सकाळी पुन्हा ओलसर लागते. मुठीत दाबून सोडल्यावर गोळा राहिला तर ती ग्रीनवर न्यायची नाही. मूठ उघडताच बोटांतून सुळ्ळकन निसटली पाहिजे.

बंदीच्या तीन-चार दिवस आधी खत. चौरस मीटरला ५ ग्रॅम नत्र, म्हणजे ५०० चौरस मीटरच्या ग्रीनला सुमारे १२ किलो अमोनियम सल्फेट. दोन भाग करून, एक उभं आणि एक आडवं फेकायचं आणि लगेच पाणी द्यायचं. अर्धा तासही उशीर झाला तर पानं करपतात. भोकं पाडण्याआधी गवत वाढीला लागलेलं असलं की नंतरची भर लवकर येते.

पहिल्या दिवशी उभ्या पात्यांचं मशीन दोन दिशांनी, ३ ते ४ मिलिमीटर खोल. गादी विस्कटून वर येते, ती झाडून काढायची. पाती त्याहून खोल नेण्याचा मोह आवरावा, कारण लगेच भोकं पाडायची आहेत आणि दोन्ही जखमा एकदम खोल झाल्या तर गवत हबकतं. दुसऱ्या दिवशी एअरेटर. ग्रीन आदल्या संध्याकाळी हलकं भिजवलेलं असावं. कोरड्या जमिनीत टाईन, म्हणजे भोक पाडणारी पोकळ नळी, ८ सेंटिमीटर उतरतच नाही, आणि फार ओल्या जमिनीत भोकाच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. प्रत्येक ग्रीन संपल्यावर टाईनची लांबी मोजायची. टाईन झिजत जातात आणि मशीनवरचा आकडा मात्र तोच राहतो; भोकं उथळ होत चालल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. नव्यापेक्षा १५ मिलिमीटर कमी भरली की बदलायची. कडेला मुरूम लागतो, तिथे आधी लोखंडी सळई टोचून पाहतो.

एअरेटरचा सगळ्यात मोठा धोका तेलाचा. हायड्रॉलिकचा पाइप तडकला तर गरम तेलाची धार पडते आणि दोन दिवसांत त्या रेषेवरचं गवत मरतं. साबणाचं पाणी ओतून ते वाचत नाही. तेवढी पट्टी हातभर रुंद, चार बोटं खोल कापून काढावी आणि स्वतःच्या रोपवाटिकेतली हिरवळीची लादी बसवावी. रोज सकाळी मशीन सुरू करण्याआधी पाइपांवर कापडाने हात फिरवला की ही वेळ सहसा येत नाही.

मातीच्या कांड्या बाहेर आल्या की त्या तिथेच चुरडून परत ढकलू नयेत. गादी आणि बारीक माती बाहेर काढण्यासाठीच तर भोकं पाडली. रुंद फावड्याने गोळा करून टीच्या, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेच्या, खड्ड्यांवर टाकायच्या. त्यातले काडे, म्हणजे गवताचे पेरांचे तुकडे, तिथे फुटतात.

मग वाळू. सकाळी दव उडाल्यावर, नऊच्या सुमारास पसरायला घ्यायची. ग्रीन पांढरं दिसलं पाहिजे. तासभर उन्हात सुकू द्यायची आणि काथ्याच्या चटईने आधी गोल, मग आडवं ओढायचं. एकच्या आत हे उरकायचं. भर दुपारी चटई ओढली तर मलूल झालेली पानं चिरडून काळी पडतात. इथे घाई नडते ती अशी: वाळूची कमान भोकाच्या तोंडावर धरते, वरून भोक भरलेलं दिसतं आणि आत पोकळी असते. मी प्रत्येक ग्रीनवर दहा ठिकाणी पेन्सिल टोचून पाहतो. पेन्सिल अलगद आत गेली तर पुन्हा ब्रश, पुन्हा चटई. पोकळ राहिलेलं भोक पावसात पाण्याने भरतं आणि तिथेच मूळ कुजतं. भोकं काठोकाठ भरल्याशिवाय रोलर फिरवायचा नाही आणि पाणीही द्यायचं नाही, कारण एकदा भिजलेली वाळू खाली सरकत नाही.

पाण्याचा हिशेब मे महिन्यात कठीण असतो. दिवसाला ६ मिलिमीटर पाणी उडतं असं मी धरतो. एका ग्रीनला ३००० लिटर, एकोणिसांना ५७,००० लिटर, म्हणजे दहा हजारांचे सहा टँकर रोज. पिण्याचं पाणी इथे वापरायचं नाही. प्रक्रिया केलेलं सांडपाणी आणि विहीर यांवर भागवतो. समुद्राजवळच्या विहिरी मेमध्येच जास्त खारवतात, म्हणून रोज टीडीएस पाहायचा. १००० पीपीएमच्या वर गेला की विहिरीचं आणि टँकरचं पाणी निम्मं-निम्मं मिसळतो. पहिले तीन दिवस एकदम भरपूर पाणी न देता, दिवसातून चार-पाच वेळा तीन-तीन मिनिटं. प्रक्रिया केलेल्या पाण्यातल्या गाळाने नोझल तुंबतात. बंदी सुरू होण्यापूर्वी ग्रीनवर वीस प्लास्टिकचे ग्लास मांडून पंधरा मिनिटं फवारे चालवले की कुठे पाणी कमी पोचतं ते लगेच कळतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी पहिली कापणी, ५ मिलिमीटरवर आणि जुन्या रीलने, म्हणजे कापणी यंत्राच्या फिरत्या पात्यांच्या रुळाने. वरची वाळू धारदार पाती दोन फेऱ्यांत बोथट करते. तीन कापण्या झाल्या की चांगलं रील लावायचं आणि दर तीन-चार दिवसांनी अर्धा मिलिमीटर खाली यायचं.

ग्रीन भरत असताना बाकीची माणसं बंकरवर, म्हणजे मैदानातल्या वाळूच्या खड्ड्यांवर. वाळू ओढून बाजूला केली की पाणी का साचतं ते दिसतं. बहुतेक वेळा खालच्या निचऱ्याच्या, भोकं असलेल्या पाइपभोवती गुंडाळलेलं कापड गाळाने लिंपलेलं असतं. ते काढून टाकायचं, १०० मिलिमीटरचा पाइप धुऊन घ्यायचा आणि भोवती ६ ते १० मिलिमीटरची धुतलेली खडी भरायची. उताराच्या वरच्या अंगाने वाहून येणारा मुरूम थांबवला नाही तर वर्षभरात पुन्हा तेच. बंकरच्या तळाला १० सेंटिमीटर आणि चढावर ५ सेंटिमीटर वाळू. चढावर जास्त टाकली तर पहिल्या सरीत घसरून खाली येते. नाल्याकडे जाणाऱ्या तोंडांवरच्या झडपा याच दिवसांत साफ करायच्या. साडेचार मीटरवरची भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आला तर अडकलेल्या झडपेतून नाला उलटा मैदानात शिरतो.

झाडांच्या फांद्यांचा अर्ज मार्चमध्ये गेला पाहिजे. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय फांदीला हात लावता येत नाही, स्वतःच्या आवारातही नाही. हरळीला सावली सोसत नाही, म्हणून पूर्वेकडच्या पर्जन्यवृक्षाच्या दोन फांद्या कमी करणं हे कधीकधी सगळ्या खतापेक्षा जास्त कामाला येतं. टीची कामं सोपी: सपाटी दोरीने पाहायची, खड्डे भरायचे, लाद्या बसवायच्या. काडे लावून नवीन ग्रीन करायचं मात्र या तीन आठवड्यांत मनातही आणू नये, त्याला सहा ते आठ आठवडे लागतात.

२३ मेला उघडल्यावर पहिले दहा दिवस कापणी ४ मिलिमीटरच्या खाली नेत नाही. चेंडू थोडा हळू धावतो, तक्रारी येतात, त्या ऐकून घेतो. पहिला मोठा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी प्रत्येक ग्रीनवर पुन्हा चाकूची पाचर. वाळूच्या उभ्या पट्ट्यांतून पांढरी मुळं बोटभर खाली गेलेली दिसली तर ते ग्रीन वहीत बरोबरच्या खुणेने. जिथे भोक पोकळ सापडतं आणि काळपट वास येतो, त्याचा क्रमांक लाल शाईने. सप्टेंबरअखेर पाऊस ओसरला की भरीव टाईन आधी तिथे चालते.