कंबर बरी झाल्यावरही 'महिन्यातून एकदा येत राहा': माझा अनुभव

माझी कंबरदुखी परतून येणाऱ्या जातीची आहे. उसण भरते, आठवडाभर पायात मोजे घालायलाही वाकवत नाही, मग सुटते. एप्रिलमध्ये कुलरच्या टाकीत बादल्या ओतायला सुरुवात झाली की पुन्हा धरते. कायरोप्रॅक्टरच्या, म्हणजे हाताने मणक्याच्या सांध्यांवर उपचार करणाऱ्याच्या, उपचारांनी आराम पडल्यावर मला सल्ला मिळाला की आता दुखत नसलं तरी ठरावीक अंतराने येत राहा. याला मेंटेनन्स केअर म्हणतात. हा सल्ला सरसकट सगळ्यांसाठी नाही. तो कुणाला द्यायचा याचे निकष आहेत, आणि त्यातले बरेचसे पेशंटला घरी बसून तपासता येतात.

आधी माणूस पारखावा लागतो. भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी वेगळी वैधानिक परिषद नाही, त्यामुळे पाटीवर हा शब्द कोणीही लिहू शकतो. परदेशातली पूर्णवेळ पदवी चार-पाच वर्षांची असते. फिजिओथेरपिस्ट मॅनिप्युलेशन (हाताने सांध्याला दिलेला लहान, जलद झटका) करत असेल तर त्याच्याकडे महाराष्ट्राच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा. आमच्या नागपुरात धंतोली-रामदासपेठेत दवाखान्यांची कमी नाही, तेव्हा हे विचारायला संकोच करायचं कारण नाही. नीट शिकलेला माणूस राग न मानता सांगतो.

पहिल्या भेटीचा बराच वेळ प्रश्नांत आणि तपासणीत गेला पाहिजे. उताणं झोपवून पाय सरळ वर उचलून बघणं, गुडघ्यावर हातोडी मारून प्रतिक्षेप बघणं, टाचांवर आणि चवड्यांवर चालवणं, पायाच्या अंगठ्याची ताकद तपासणं, एवढं तरी व्हायलाच हवं. हे न करता थेट टेबलावर झोपवलं तर उठून यावं. लघवी अडकली, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पाऊल लुळं पडायला लागलं, तर ते काम कायरोप्रॅक्टरचं नाही. त्याच दिवशी मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या, कॅज्युअल्टीत जायचं. बारीक ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं आणि त्यासोबत कंबरदुखी असेल, तर आपल्याकडे मणक्याच्या क्षयरोगाची शंका आधी घ्यावी लागते. अशा कंबरेवर झटका दिला तर फार मोठं नुकसान होऊ शकतं. हाडं ठिसूळ असणं, दीर्घकाळ स्टिरॉइड घेतलेलं असणं, पूर्वी कर्करोग झालेला असणं, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असणं, हे पेशंटने न विचारताही सांगावं.

कंबरेचं मॅनिप्युलेशन बहुतेक वेळा कुशीवर करतात. खालचा पाय सरळ, वरचा गुडघ्यात दुमडून पाऊल खालच्या पायाच्या गुडघ्यामागे अडकवलेलं, वरचा खांदा हलकेच मागे नेलेला. श्वास सोडताना कमरेची उरलेली ढिलाई संपेपर्यंत दाब देतात आणि मग अगदी लहान, जलद झटका. 'कट' असा जो आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याचा. मणका सरकलेला नसतो, त्यामुळे तो जागेवर बसण्याचाही प्रश्न येत नाही. आवाज आला नाही तरी उपचार फुकट गेला असं नाही. नंतर एक-दोन दिवस अंग ठणकणं, कंबर जड वाटणं नेहमीचं. पायात नवी कळ उतरली किंवा मुंग्या वाढल्या तर मात्र पुढचा झटका घेऊ नये आणि आधी कळवावं.

मेंटेनन्सचा विचार पहिली फेरी संपल्याशिवाय सुरूच होत नाही. आठवड्यातून एक-दोनदा अशा काही आठवड्यांच्या फेरीत चौथ्या भेटीपर्यंत स्पष्ट फरक दिसला पाहिजे. नसेल दिसला, तर तेच महिनोन्‌महिने चालू ठेवून काही हाती लागत नाही. दुसरा निकष इतिहासाचा: पूर्वीही कंबर धरलेली असावी आणि गेल्या वर्षभरात मिळून 30 पेक्षा जास्त दिवस दुखलेलं असावं. पहिल्यांदाच उसण भरून पंधरा दिवसांत बरी झालेल्याला मेंटेनन्स सांगणं चूक आहे, आणि हे मी ठामपणे म्हणते.

यामागे स्वीडनमधला अभ्यास आहे, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला. पहिल्या फेरीत चांगला फरक पडलेले, पुन्हा पुन्हा कंबर धरणारे 328 लोक घेतले. निम्म्यांना दुखो न दुखो, आधीच ठरवलेल्या तारखांना बोलावलं. बाकीच्यांना दुखल्यावर या म्हणाले. वर्षभरात ठरलेल्या तारखांच्या गटाला त्रासाचे सरासरी 12.8 दिवस कमी आले, आणि त्यासाठी सरासरी 1.7 भेटी जास्त लागल्या. फायदा खरा आहे, पण चमत्कार नाही.

त्याच लोकांची पुढची छाननी मला जास्त कामाची वाटते. ज्यांच्या वेदना तीव्र होत्या, रोजची कामं अडत होती आणि आयुष्य हातातून सुटल्यासारखं वाटत होतं, त्यांना मेंटेनन्सने वर्षाला 30 दिवस वाचले, तेही भेटी फारशा न वाढता. याउलट दुखणं असूनही ज्यांचं नीट चाललं होतं, त्यांच्या भेटी सुमारे चारने वाढल्या आणि दुखण्याचे दिवस कमी झाले नाहीत, उलट थोडे जास्तच भरले. म्हणजे कंबर कधीमधी दुखते पण कामधाम, झोप, घर सगळं सुरळीत आहे, अशा माणसाने दुखल्यावरच जावं. पहिल्या भेटीत यासाठी प्रश्नावली भरून घेतात का, हे बघण्यासारखं आहे. न घेता 'सगळ्यांनी महिन्याला एकदा' असा नियम असेल, तर तो पेशंट बघून केलेला नाही.

त्या अभ्यासात दर आठवड्याला मोबाइलवर एकच प्रश्न यायचा: गेल्या सात दिवसांत किती दिवस कंबरेचा त्रास झाला? मी तोच घेतला. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या चौकटीत 0 ते 7 मधला एक आकडा पेन्सिलने लिहायचा, आणि काही वेगळं घडलं असेल तर दोन शब्द: 'कुलर', 'लांब प्रवास', 'लग्न'. पुढच्या भेटीला त्या पानाचा फोटो दाखवायचा. कसं वाटतंय या प्रश्नाला आपण त्या दिवशीच्या कंबरेवरून उत्तर देतो. पानावरचे आकडे पूर्ण महिन्याचं सांगतात.

अंतर एक ते तीन महिन्यांचं असतं. सुरुवातीला महिन्याने जावं, आकडे खाली राहिले तर सहा आठवडे, मग दोन महिने, मग तीन. वाढवलेल्या अंतरात आकडे चढले तर एक पायरी मागे. तीन महिन्यांवरही कंबर शांत राहिली, तर थांबून बघण्याबद्दल बोलायला हरकत नाही. प्रत्येक भेटीत तपासणी आधी हवी, आणि ज्या दिवशी काही सापडत नाही त्या दिवशी झटका दिलाच पाहिजे असं नाही. व्यायाम बघणं, तो बदलणं, बसण्या-उचलण्याच्या सवयी विचारणं, हेही त्या भेटीचंच काम आहे.

बिघडतं ते बहुधा पैशांच्या ठिकाणी. वर्षभराच्या भेटींचे पैसे आगाऊ मागितले तर देऊ नयेत, कारण मग अंतर वाढवण्यात समोरच्याला काही रस उरत नाही. दर भेटीला फी आणि दर भेटीला पावती. मणक्याचा बाक सुधारतोय हे दाखवायला पुन्हा पुन्हा एक्स-रे काढायला सांगितलं तरी नाही म्हणावं. बाक आणि दुखणं यांचा संबंध तितका सरळ नाही, आणि किरणांचा डोस विनाकारण वाढतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट कंबरदुखीसाठी मॅनिप्युलेशनला जागा आहे, पण ते व्यायाम आणि पेशंटला दिलेली माहिती यांच्या जोडीने. कंबरेचा पट्टा, ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं), उपचार म्हणून दिलेला अल्ट्रासाउंडचा शेक आणि टेन्स मशीन (त्वचेवरून सौम्य वीजप्रवाह देणारं) नियमित वापरू नये असं त्यात सांगितलं आहे. आपल्याकडे घरोघरी पट्टा असतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आणि चालणं. 2024 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात हळूहळू आठवड्यातून पाच दिवस, 30 मिनिटांपर्यंत चालणं वाढवायला शिकवलं. त्या गटात निम्म्यांचं दुखणं परतायला 208 दिवस लागले, न शिकवलेल्यांत 112. याला फी नाही. नागपूरच्या मे महिन्यात सहाच्या आत बाहेर पडून ऊन चढायच्या आत परत यावं लागतं. अंबाझरीला किंवा सेमिनरी हिल्सला झाडांमुळे थोडा जास्त वेळ मिळतो. ज्या आठवड्यात चालणं सुटलं, त्या रविवारच्या चौकटीत मी तेही लिहिते, कारण कायरोप्रॅक्टरने अंतर कमी करायचं म्हटलं तर आधी ते तपासून बघता येतं.