दहा बोटांची हजेरी

"बाई, रोज रात्री हे पायांचं काय करत बसता एवढं?"

जावयांनी विचारलं, शेजारच्या काकूंनी विचारलं, माहेरपणाला आलेल्या भाचीनं विचारलं. जुने विद्यार्थी कधी रात्री उशिरा घरी येतात, मी पाटावर बसून पाय पुसताना दिसते, तेव्हा तेही संकोचत विचारतात. मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीनं जरा पुढचा प्रश्न केला. म्हणाली, "घरात सगळ्यांचं आवरायचं असतं, त्यात स्वतःसाठी असं बसायला तुम्हाला अपराधी नाही वाटत?" तिच्या स्वतःच्या टाचा भेगाळलेल्या होत्या, त्या ती साडीच्या काठाखाली ओढून घेत होती. तिला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. ते आता देते.

मी लोणंदची. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. चौदा वर्षांपासून मला साखरेचा त्रास आहे. पण पायांची गोष्ट माझ्यापासून सुरू होत नाही, ती आप्पांपासून सुरू होते.

आप्पा, म्हणजे माझे वडील, शेतकरी. फलटणच्या बाजूला आमची चार एकर जमीन. त्यांना वीसेक वर्षं मधुमेह होता. गोळ्या वेळेवर घ्यायचे, गोड खाणं सोडलं होतं, तपासणीलाही जायचे. तिथे रक्त घेतलं जायचं, आकडा सांगितला जायचा, गोळी बदलायची. त्या सगळ्या वर्षांत "चपला काढा, पाय बघू" असं त्यांना कुणी एकदाही म्हटलं नाही. घरात आम्हीही म्हटलं नाही, आणि ते मला जास्त लागतं.

एका सकाळी आईनं न्हाणीघराच्या फरशीवर रक्ताचा ठसा पाहिला. अर्ध्या तळव्याचा, स्पष्ट. तिला वाटलं, कुणीतरी आळता सांडला. आप्पांची चप्पल उलटी केली तर टाचेजवळ दुरुस्तीचा एक खिळा तळव्यातून आरपार वर आलेला. बोटाच्या पेराएवढा. तो तसाच पायात घेऊन आप्पा दोन दिवस चालत होते. बाजारात गेले, परत आले, रानात पाणी धरलं. "दुखलं नाही का हो?" असं आईनं विचारलं, तर ते तिच्याकडे बघतच राहिले. खरंच दुखलं नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते लिहिणं मला अजून जड जातं. जखम चिघळली, विष वर चढलं, आणि डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. घरी आल्यावर आई रोज रात्री त्यांच्या उरलेल्या पायाला तेल लावायची. एका रात्री ते म्हणाले, "अगं, डाव्यालाही लाव. अंगठ्याला खाज येतेय." नसलेल्या अवयवात अशी जाणीव राहते, हे डॉक्टरांनी नंतर समजावलं. होता तोवर ज्या पायानं एक शब्द काढला नव्हता, तो गेल्यावर बोलत होता. आईनं वाटी खाली ठेवली, चादरीवर डावा पाय जिथे असता तिथे हात फिरवला आणि विचारलं, "इथे का?" आप्पा म्हणाले, "हां, तिथंच."

मला साखर निघाली, तेव्हा आप्पांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. पहिली काही वर्षं मीही आकड्यांमागेच होते: उपाशीपोटी किती, जेवणानंतर किती, तीन महिन्यांची सरासरी किती. पुढे एका डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवून मोजे काढायला लावले आणि डोळे मिटायला सांगितले. त्यांच्या हातात नायलॉनचा एक बारीक ताठ धागा होता. दहा ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो. तो धागा ते तळव्यावर एकेका ठिकाणी टेकवणार आणि जाणवलं की मी "हो" म्हणायचं.

हो. हो. हो. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, डॉक्टर थांबले असतील. डोळे उघडले तर धागा माझ्या डाव्या अंगठ्याखाली टेकून चांगला वाकलेला होता.

एकतीस वर्षं मी हजेरी घेतली आहे. नाव पुकारल्यावर उत्तर येत नाही, तेव्हा पोटात जे होतं ते शिक्षकाला ठाऊक असतं. हजेरीत आवाज न आलेल्या मुलाच्या घरी संध्याकाळी चक्कर टाकायची, हा माझा नेम होता. कधी मूल तापानं फणफणलेलं असायचं, कधी कांद्याच्या काढणीला गेलेलं असायचं, एकदा तर आई वारल्यापासून चार दिवस घराच्या ओट्यावर बसून असलेलं सापडलं. दंगा करणाऱ्या मुलाकडे सगळ्यांचंच लक्ष जातं. गप्प झालेल्याकडे मुद्दाम जावं लागतं. त्या दिवशी माझा डावा अंगठा गप्प झालेला होता, आणि रोज त्याच्याकडे जायचं हे मी त्या खुर्चीतच ठरवलं.

आता रात्री काय करते ते सांगते. बारा-पंधरा मिनिटांचं काम आहे.

पाणी कोमट घेते. ते पायानं तपासत नाही, कोपरानं तपासते, कारण बधिर पायाला उकळतं पाणीही कोमटच वाटतं. पाय पाण्यात बुडवून बसत नाही, त्यानं कातडी आणखी कोरडी पडते. साध्या साबणानं धुते आणि आईच्या जुन्या नऊवारीच्या तुकड्यानं टिपते. हजार वेळा धुतलेलं सुती लुगडं जितकं मऊ असतं तितका बाजारातला कुठलाच टॉवेल नसतो. बोटांच्या बेचक्या एकेक करून कोरड्या करते. पावसाळ्यात चिखल्या होतात त्या तिथेच, आणि साखरेच्या माणसाची चिखलीसुद्धा साधी राहत नाही. मग ह्यांचा दाढीचा गोल आरसा जमिनीवर ठेवते आणि त्यात तळवे बघते. कुठे लालसर आहे का, फोड आहे का, भेग खोल गेली आहे का, कुरूप वाढतंय का. नखं सरळ कापते, कोपरे आत कोरत नाही. कुरपाला ब्लेड लावत नाही. शेवटी तेल किंवा कोकमाचं तूप, पण बेचक्यांत नाही. कोकणातली मैत्रीण त्याची अंडाकृती वडी पाठवते, ती पळीत वितळवली की भेगांवर फार छान बसते. सकाळी चप्पल घालण्याआधी ती उलटी करून झटकते आणि आत बोट फिरवते. हे शेवटचं आप्पांमुळे.

काशाच्या वाटीबद्दल खूपजणी विचारतात, म्हणून तेही सांगते. आमच्या लहानपणी वैशाखात आई आम्हा भावंडांना ओळीनं झोपवायची आणि तळपायाला तूप लावून वाटी फिरवायची. वाटी काळी व्हायची आणि आई म्हणायची, "बघ किती उष्णता निघाली." आता जाहिरातींत त्यालाच शरीरातलं विष म्हणतात. मी एकदा शाळेतल्या मुलांसमोर करून पाहिलं. वाटीला तूप लावलं आणि ती कोरड्या शहाबादी फरशीवर घासली. फरशीचं अंगही काळं झालं. कासं म्हणजे तांबं आणि कथील. घासताना त्या धातूचा कण सुटतो, तेलातुपातल्या आम्लांशी तांब्याची क्रिया होते आणि काळपट लेप तयार होतो. पायातून काही बाहेर पडत नाही. तरी वाटी मी टाकली नाही. डॉक्टरांना विचारून, जखम नसेल त्या दिवशी, हलक्या हातानं फिरवते. अंगाला अभ्यंग करावं, म्हणजे तेल चोळावं, डोकं, कान आणि पाय यांना तर विशेष करावं, हे आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट यानं सांगून ठेवलंच आहे. वाटी फिरली की झोप छान लागते आणि आईची आठवण येते. तिनं केलं ते उष्णतेसाठी म्हणून केलं असेल, पण आमच्या वाट्याला आला तो तिचा हात. मला एवढंच पुरेसं आहे, त्यासाठी विषाची गोष्ट रचायची गरज नाही. त्या जाहिरातींचा मला राग येतो, कारण वाटीनं विष निघतं यावर विसंबून कुणी गोळ्या सोडल्या, तर पाय जातो तो त्या माणसाचा.

रोज पाय तपासायचं हे सगळं अलीकडच्या मधुमेहाच्या डॉक्टरांनी शोधलं असं मला वाटायचं. नंतर वाचनात आलं, की आपल्या देशात हे आधी कुष्ठरुग्णांसाठी झालं. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात १९१४ साली जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक वेल्लोरला कुष्ठरुग्णांचे हातपाय तपासत होते. तेव्हा सगळ्यांचा समज, की या रोगात बोटं आपोआप झडतात. त्यांच्या लक्षात आलं, की रोग मज्जातंतू बधिर करतो आणि बोटं जातात ती न कळलेल्या जखमांनी. रात्री उंदीर झोपलेल्या माणसाची बोटं कुरतडायचे आणि त्याला जाग यायची नाही, म्हणून तिथल्या रुग्णांना मांजरी पाळायला दिल्या गेल्या. रोज स्वतःचे हातपाय डोळ्यांनी तपासायचे, पायात मऊ रबराची चप्पल घालायची, हे तिथे शिकवलं गेलं. आज औषधाच्या दुकानात मधुमेहींसाठी एमसीआरची, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराची चप्पल मिळते, ती त्याच कामातून आलेली. मी ती घालते. दिसायला साधी आहे, लग्नाकार्यात पैठणीखाली शोभत नाही असं आमच्याकडे म्हणतात. मी तीच घालून जाते.

देशात मधुमेहाची माणसं १० कोटींहून अधिक आहेत, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली आलेल्या अभ्यासात आहे. लोणंदच्या बाजारात उभी राहिले की मला तो आकडा दिसत नाही, पाय दिसतात. कांद्याच्या गोण्या उचलणाऱ्यांचे, भाजी विकणाऱ्या बायकांचे, स्लिपरच्या बाहेर आलेल्या करंगळ्या. देवळाच्या दगडी आवारात मे महिन्याच्या दुपारी अनवाणी चालणारे म्हाताऱ्या माणसांचे पाय पाहिले की राहवत नाही, मी जाऊन सांगते. सुती मोजे घालून प्रदक्षिणा घालावी. देवाला चालतं.

माउलींची पालखी नीरा स्नानानंतर आमच्या गावी येते. त्या मुक्कामात आमच्या घरी दरवर्षी दिंडीतली वीस-पंचवीस माणसं उतरतात. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट, त्यातली लोणंदपर्यंतची त्यांनी चाललेली असते. पूर्वी आम्ही पिठलं-भाकरीची तयारी करायचो. निवृत्त झाल्यापासून मी अंगणात दोन बादल्या आणि धुतलेल्या लुगड्यांची चवड ठेवते. म्हाताऱ्यांचे पाय धुऊन द्यायचे, पुसायचे, बघायचे. सुरुवातीला ते पाय मागे घेतात. "माय, तू कशाला?" म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी मराठवाड्यातले एक आजोबा होते. पाय पुसताना चवड्याखाली रुपयाएवढा फोड फुटलेला दिसला, कडेनं माती बसलेली. मी विचारलं, "बाबा, हे कधी झालं?" त्यांना काहीच माहीत नव्हतं. "कापसावर चालल्यासारखं वाटतंय सहा महिन्यांपासून. म्हटलं, माउली चालवतेय." माझ्या हातातलं फडकं तिथेच थांबलं. पालखीबरोबर सरकारी वैद्यकीय पथक असतं, तिथे त्यांना माझ्या मुलाच्या मोटारसायकलवरून नेलं. रक्त तपासलं तर साखर भरमसाट. त्यांना ते तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. मलमपट्टी झाली, औषध सुरू झालं, उरलेली वारी त्यांनी दिंडीच्या ट्रकमधून केली. निघताना त्या ऐंशीच्या घरातल्या माणसानं वाकून माझ्या पायांना हात लावला. वारीत लहानथोर सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, ती रीतच आहे. तरी मी संकोचले. पण त्यांनी हात लगेच उचलला नाही. माझ्या पावलावर अंगठा फिरवून म्हणाले, "तुझं नीट हाय ना गं?"

अपराधी वाटतं का, या प्रश्नापाशी परत येते. वाटायचं. पाटावर बसले की कानात भांडी वाजायची, दूध तापवायचं राहिलंय असं वाटायचं. आईचं आयुष्य तसंच गेलं. आम्हा सगळ्यांच्या पायांना तिनं वाटी फिरवली, आप्पांच्या नसलेल्या पायावरसुद्धा हात फिरवला, तिच्या पायांना मात्र कुणी हात लावला नाही. तिच्या शेवटच्या वर्षात मी पहिल्यांदा तिचे पाय मांडीवर घेतले. टाचांच्या भेगांत करंगळीचं नख जाईल इतकी खोली होती. तिला साखर नव्हती, काही आजार नव्हता. नुसती वर्षानुवर्षं बघायची राहून गेलेली. ती म्हणाली, "सोड गं, सवय झालीय." त्यानंतर मला पाटावर बसायला अपराधी वाटणं थांबलं. ज्या मैत्रिणीनं तो प्रश्न विचारला तिला मी काल कोकमाची वडी देऊन आले, आणि तिथेच बसून एकदा लावून दिली.

काल रात्री आरशात उजव्या करंगळीच्या बाजूला एक लाल ठिपका दिसला. चप्पल काढून अर्धा तास झाला तरी गेला नाही, म्हणजे तिथे पट्टा घासतोय. दुखत काहीच नव्हतं. ती चप्पल आज कोपऱ्यावरच्या दादांकडे पट्टा सैल करायला दिली आहे. संध्याकाळी मिळेल म्हणाले. तोवर जुनी घातली आहे, सकाळी उलटी करून, आत बोट फिरवून.