छातीचे केस डोक्यावर लावताना अडलेली मोजणी: माझा अनुभव

केशरोपणाच्या पहिल्या शस्त्रक्रियेत माझ्या डोक्यामागची केसांची पट्टी कापून घेतली होती. तिथे राहिलेला लांब व्रण आणि विरळ झालेले केस पाहून दुसऱ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की डोक्यावरून आणखी ग्राफ्ट (मुळासकट काढून दुसरीकडे लावायचे केसांचे पुंजके) काढणे आता योग्य नाही, आणि टाळूमागचा विरळ भोवरा भरायचा असेल तर दाढी व छाती यांच्यावरच भिस्त ठेवावी लागेल. तपासण्या आणि संमतिपत्र दोन आठवड्यांत उरकले. अडले ते त्यानंतर, आणि ज्या कारणाने अडले ते इतके टाळण्याजोगे होते की त्याची चीड अजून मनातून गेलेली नाही.

डॉक्टरांनी सगळे काम एकदम न करता आधी थोडे ग्राफ्ट लावून चाचणी घ्यायचे ठरवले, आणि तो निर्णय मला आजही पटतो. केस नव्या जागी गेला तरी मूळ जागेचा गुणधर्म टिकवतो, हे तत्त्व नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ साली मांडले आणि केशरोपण त्यावरच उभे आहे; पण तेच तत्त्व छातीच्या केसाच्या बाबतीत अडचणीचे ठरते. डोक्यावरचा केस काही वर्षे सलग वाढतो, तर छातीचा केस काही महिन्यांतच थांबतो आणि त्यांतले बरेच केस कोणत्याही वेळी विश्रांतीच्या अवस्थेत असतात. डोक्यावरच्या एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात, छातीच्या ग्राफ्टमध्ये बहुधा एकच. दाढीचा केस जाड असल्यामुळे भरीवपणा चांगला देतो, मात्र त्याचा राठपणा कपाळाच्या रेषेवर लगेच नजरेत येतो, म्हणून तो मागच्या भागात लावलेला बरा.

भोवऱ्यात दाढीचे ६० आणि छातीचे ६० ग्राफ्ट शेजारीशेजारी लावले गेले. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून पुन्हा उगवू लागतात, हे मला आधीच सांगितले होते, त्यामुळे गळतीने मी घाबरलो नाही. नवव्या महिन्यात मोजणी करून पुढचा आराखडा ठरणार होता.

नवव्या महिन्यात मी गेलो, तेव्हा मोजायचे कुठे हेच कोणाला सांगता येईना. माझ्या फाइलमध्ये 'दाढी ६०, छाती ६०' एवढेच लिहिले होते. डोक्याचे रेखाचित्र छापलेल्या पानावर एकही खूण नव्हती. भोवऱ्यात माझे स्वतःचे बारीक केसही होते, आणि त्यांतून छातीचा केस ओळखणे भिंगाखालीही खात्रीने जमत नव्हते. शस्त्रक्रियेच्या दिवशी काढलेले फोटो दुसऱ्या संगणकावर आहेत, असे मला सांगण्यात आले. त्या फोटोंसाठी मी तीन महिन्यांत पाच वेळा गेलो, आणि दर वेळी समन्वयक बाई नम्रपणे पुढची तारीख देत, पण डॉक्टरांची भेट घडवून आणत नसत. एवढा काळ मी आरशासमोर दोन आरसे धरून एकेक केस निरखत होतो, त्यात झोप आणि संयम दोन्ही गमावले. शेवटी मी लेखी अर्ज देऊन माझ्या नोंदींची प्रत मागितली, तेव्हा चार दिवसांत फोटो सापडले. त्यात मानेकडच्या एका तिळापासून जागा मोजता आली: दाढीचे ५२ उगवले होते, छातीचे ३४.

म्हणून खुर्चीवरून उठण्याआधीच चाचणीची जागा तिळासारख्या कायमच्या खुणेपासून मोजून, मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढायला लावावा आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी. मोजणीही एकदाच करून थांबू नये. छातीचे केस आळीपाळीने विश्रांती घेत असल्यामुळे मी चार महिन्यांनी पुन्हा मोजून घेतली, तेव्हा आकडा ३९ झाला. चाचणीच्या काळात मिनॉक्सिडिलसारखे केस वाढवणारे नवे औषध स्वतःहून सुरू करू नये, कारण मग वाढ कशामुळे झाली हे कळत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: ग्राफ्ट काढण्याच्या काही दिवस आधी छाती भादरायला सांगतात, म्हणजे त्यानंतर जे केस पुन्हा वर येतात तेच वाढीच्या अवस्थेतले असतात आणि तेच काढले जातात. मी चुकून आदल्या दिवशी भादरून गेलो आणि तारीख पुढे गेली. छातीचे केस त्वचेला लागून आडवे वाढत असल्यामुळे ते काढताना मूळ तुटण्याचा धोका असतो, तेव्हा शरीरावरचे केस काढण्याचा त्या डॉक्टरांना अनुभव किती, हे विचारावे. पूर्वी जखमेवर जाड, उंच व्रण उठले असतील तर ते डॉक्टरांपासून लपवू नये. काढलेल्या जागी माझ्या छातीवर फिकट ठिपके राहिले आहेत.

पुढच्या शस्त्रक्रियेत बहुतेक ग्राफ्ट जबड्याखालच्या दाढीतून घेतले आणि छातीचे फक्त कडेला भरायला वापरले. भोवऱ्याची त्वचा आता उजेडातही चमकत नाही. कडेचे केस मात्र बोटभर लांबीच्या पुढे वाढत नाहीत, त्यामुळे बाकीचे केसही मी तेवढेच आखूड ठेवतो.