ओली फरशी

आज आत्याला भेटायला वृद्धाश्रमात गेले. खारपाणपट्ट्यातलं गाव, तोटीवर क्षाराचे पांढरे थर, बारा जणींत एकच संडास-न्हाणी. फरशी कायम ओली. आत्या म्हणाली, "पाय घसरते वं पोरी, म्हनून मी पानीच नाही पेत." पोटात कालवलं. विदर्भातल्या या उन्हात म्हातारं माणूस तहान मारतंय, का तर न्हाणीत पडायची भीती!

सफाईवाल्या ताई ब्लीचिंग पावडर अन् अ‍ॅसिड एकाच बादलीत ओतणार, तेवढ्यात मी हात धरला. त्यातून क्लोरीन वायू निघतो, कोंदट न्हाणीत श्वासच अडकतो. मग दोघींनी आधी साबणानं घासलं, ब्लीचिंगचं पाणी १० मिनिटं राहू दिलं, धुतलं आणि फडक्यानं फरशी कोरडी केली. कडीवरचा चिकट काळा थरसुद्धा खरवडला. हात तर सगळ्यांचेच लागतात तिथं.

निघताना आत्यानं प्यायला गडवाभर पाणी मागितलं.