तुम्ही विचारलंत म्हणून: ‘नटक्रॅकर’मध्ये रडण्यासारखं काय आहे?

पियानो शिकायला येणाऱ्या मुलांचे पालक दर डिसेंबरला हेच विचारतात. खेळणी, मिठाई, ख्रिसमसचं झाड. एवढ्या गोड बॅलेत बाईंचे डोळे कशाने भरून येतात? आजवर मी विषय बदलत आले. आता सांगूनच टाकते.

जर्मन लेखक हॉफमनची १८१६ची मूळ गोष्ट चांगलीच भीतीदायक आहे. ती फ्रेंच लेखक ड्यूमाने सौम्य केली आणि नृत्यदिग्दर्शक पेतिपाने तिच्यावरून रशियन संगीतकार चायकोव्हस्कीला बारीकसारीक आराखडा आखून दिला. त्या कामात चायकोव्हस्कीचं मन रमत नव्हतं. १८९१च्या वसंतात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉल या संगीतसभागृहाच्या उद्घाटनासाठी अमेरिकेला निघालेला तो वाटेत फ्रान्समधल्या रूआँला थांबला, बॅले उरकायला. तिकडे रशियात त्याची बहीण साशा वारली. लग्न न टिकलेल्या या माणसाचं घर म्हणजे तिचं घर होतं. कामेन्काला, तिच्या मुलाबाळांत. धाकटा भाऊ मोदेस्त बातमी सांगायला रूआँला आला, पण चायकोव्हस्कीची दमलेली, उदास अवस्था बघून त्याची जीभ रेटेना. न सांगताच तो परतला. मग पॅरिसमध्ये, वाचनालयात चाळायला घेतलेल्या रशियन वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर चायकोव्हस्कीने बहिणीच्या मृत्यूची बातमी वाचली. एकट्याने. आणि तरीही तो बोटीत चढला.

दुसरा अंक त्याने परतल्यावर पुरा केला. त्यातला तो मोठा युगुलनाच ऐका. चेलो वरच्या ‘सा’पासून खालच्या ‘सा’पर्यंत सरळ उतरतात: सां नि ध प म ग रे सा. बस, एवढंच. पुन्हा उतरतात.

पूर्वी मी मनाशी ठणकावून म्हणायचे, हा साशाचा शोक आहे. आता तसं म्हणवत नाही. नुसत्या सप्तकावर चाल बांधून दाखव, अशी मित्राने पैज लावली होती, अशीही आख्यायिका आहे. शिवाय त्याच उन्हाळ्यात चायकोव्हस्की प्रकाशकाला कळवत होता की पॅरिसहून सेलेस्टा हे नवं, घंट्यांसारखं किणकिणणारं वाद्य मागवा, पण गुपचूप. रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह या दुसऱ्या रशियन संगीतकारांना सुगावा लागता कामा नये. शोकात बुडालेल्या माणसाला हे सुचतं? मला वाटतं, सुचतं. घरातलं माणूस गेल्यावरही स्वयंपाकात मीठ बेतानेच पडतं.

पण म्हणून तो अवरोह तिचाच, हे मी तुम्हाला पटवून देऊ शकत नाही. मला मात्र तो दुसऱ्या कुणाचा ऐकूच येत नाही.