जॅकेटं चार, माणसं पाच

भिगवणला पक्षी बघायचे तर पुण्यातून पहाटे साडेतीनला निघावं लागतं. हे ऐकून मुलांनी "पण सुट्टी आहे ना?" एवढंच विचारलं. सासरे मात्र तीन वाजताच कानटोपी घालून सोफ्यावर हजर होते. त्यांना पक्ष्यांचं काही नव्हतं. दौंडला रेल्वेत नोकरी केलेला माणूस, त्यांना डिकसळचा जुना पूल पाण्यातून बघायचा होता.

एका सहलवाल्याकडे होडीचे पैसे आधीच भरून ठेवले होते. "सहाला कुंभारगावच्या काठावर माझा माणूस उभा असेल," असं त्याने सांगितलं होतं. यवत, पाटस मागे टाकत शंभरेक किलोमीटर जाऊन आम्ही पावणेसहाला पोचलो. माणूस नाही, फोन बंद. अंधारात नुसता शेवाळाचा वास आणि कुठेतरी दूर बदकांची कुजबूज.

सव्वासहाला एक मासेमार दादा जाळी टाकून परतले. त्यांनाच विचारलं.

"चला की. भाडं सगळ्या होडीचं, डोकी मोजत न्हाय आमी."

होडी पत्र्याची, तळाशी थोडं पाणी. लाइफ जॅकेटं चार, आम्ही पाच. नवरा म्हणाला, "राहू दे, मी बसतो तसाच." दादाही म्हणाले, "इथं पाणी छातीएवढंच हाय, ताई." मी काठावरून हलले नाही. मे २०२४ मध्ये याच उजनी धरणाच्या पाण्यात, कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले होते. कुगावचं नाव काढताच दादा गप्प झाले आणि त्यांनी पुतण्याला हाक मारली. पाचवं जॅकेट येईपर्यंत अर्धा तास गेला, सूर्य वर आला, मुलं कुरकुरली. त्याला मासळीचा वास येत होता, त्यामुळे ते अर्थातच माझ्या वाट्याला आलं.

इथली बेटं म्हणजे जुन्या टेकाडांचे माथे. धरण भरलं की बुडतात, पाणी उतरलं की एकेक वर येतात. उन्हाळ्यात तर पळसदेवचं जुनं देऊळही उघडं पडतं. "धरण मायनसमध्ये गेलं म्हणजे पाणी संपतं का?" धाकट्याने विचारलं. उत्तर सासऱ्यांनी दिलं: उजनी ११७ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), त्यातलं ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे धरणाच्या दारांखाली राहणारं पाणी; मोजणी त्याच्या वरून सुरू होते. वजा आकडा छापून येतो तेव्हाही खाली भरपूर पाणी असतं. रोहित पक्ष्यांना, म्हणजे फ्लेमिंगोंना, मात्र ते भरपूर पाणी नकोच असतं. त्यांना उथळ पाणी आणि चिखल लागतो, म्हणून पाऊस जोरात झाला की त्या वर्षी ते उशिरा येतात.

एका बेटाला वळसा घातल्यावर दादांनी इंजिन बंद केलं आणि बांबूने होडी रेटायला सुरुवात केली. समोर शे-दीडशे रोहित, चोची उलट्या करून पाणी गाळत चाललेले. लांबून सगळे पांढरट. "गुलाबी कुठेत?" थोरलीने नाराजीने विचारलं. तेवढ्यात एक घार खाली आली, थवा उडाला आणि पंखांखालचा लाल रंग एकदम पेटला. अग्निपंख हे नाव का पडलं, ते मला सांगावं लागलं नाही. पलीकडे पट्टकदंब हंसांचा एक कळप होता, हिमालय ओलांडून आलेला. पण थोरली तेव्हा फोटो किती हलले ते मोजत बसली होती.

पुलाकडे जायला दादा तयार नव्हते, डिझेल जास्त जातं म्हणून. शंभर रुपये वाढवले. ब्रिटिशांनी रेल्वेसाठी बांधलेला हा दगडी पूल. धरणासाठी रेल्वेमार्ग हलवला आणि मग यावरून इंदापूर-करमाळ्याकडची गाड्यामाणसं जाऊ लागली. सासऱ्यांनी जॅकेटवरून मफलर सारखा केला आणि म्हणाले, "वडिलांबरोबर सोलापूरला जाताना इथे खिडकीतून पैसे टाकायचो. भीमेला." खिसा चाचपून त्यांनी एक नाणं काढलं. दादांनी इंजिन बंद केलं.

परत येताना वारा सुटला, होडी चांगलीच हलली आणि नवऱ्याने जॅकेटचा पट्टा गुपचूप घट्ट केला. मी काही बोलले नाही.

दहा वाजता ताटात तळलेली चिलापी आली, तेव्हा फोन वाजला. सहलवाला. "मॅडम, निघालात का पुण्यातून?"