‘लिंक इज डाऊन’ दिसलं की आधी वायर बघा

लिनक्सच्या लॉगमध्ये ‘लिंक इज डाऊन’ आणि काही सेकंदांत ‘लिंक इज अप’ ही जोडी सारखी दिसू लागली की बरेच जण थेट आयपी आणि डीएनएसच्या सेटिंग्जना हात घालतात. पण ही तक्रार नेटवर्क कार्ड आणि स्विच यांच्यामधल्या जोडणीची असते. आयपीचा नंबर त्यानंतर लागतो.

लिनक्सचा लॉग दाखवणाऱ्या डीमेसेज कमांडला कॅपिटल टीचा पर्याय जोडला की प्रत्येक ओळीची वेळ दिसते. ‘अप’च्या ओळीत वेग किती लिहिलाय ते वाचा. दोन्ही टोकांना गिगाबिट असूनही १०० एमबीपीएस येत असेल, तर अर्धं निदान तिथेच झालं. ‘नो-कॅरिअर’ म्हणजे इंटरफेस चालू आहे, पण तारेवर सिग्नल नाही: प्लग नीट बसलाय का, त्याची क्लिप तुटलीय का, समोरचा पोर्ट चालू आहे का, एवढं बघून घ्या.

खरी गंमत तारांच्या जोड्यांत आहे. १०० एमबीपीएसला १, २, ३ आणि ६ या पिनांवरच्या दोनच जोड्या पुरतात. गिगाबिटला चारही लागतात. वेग ठरवण्याची बोलणी मात्र याच दोन जोड्यांवर होतात. त्यामुळे निळी किंवा तपकिरी जोडी तुटलेली असली तरी दोन्ही बाजू गिगाबिटवर राजी होतात आणि लिंक उभी करताना आपटतात. काही कार्डं मग मुकाट्याने १००वर उतरतात, काही त्याच फेऱ्यात अडकतात.

याची चाचणी सोपी आहे. इथटूलमध्ये (नेटवर्क कार्डाच्या सेटिंग्ज बघण्या-बदलण्याची कमांड) ‘अ‍ॅडव्हर्टाइज ०एक्स००८’ दिलं की कार्ड फक्त १०० फुल डुप्लेक्स (पाठवणं आणि घेणं एकाच वेळी) देऊ करतं. आता लिंक स्थिर राहिली तर संशय निळ्या आणि तपकिरी जोडीवर. (हे एसएसएचवरून, म्हणजे दुरून लॉगिन करून, करू नका, कनेक्शन मध्येच जाईल.) ऑटोनिगोशिएशन, म्हणजे ही वेगाची बोलणी, बंद करून १०० फुल लादणं हा उपाय नव्हे. समोरचा स्विच ऑटोवर असेल तर त्याला वेग ओळखता येतो, डुप्लेक्स नाही, म्हणून तो हाफवर (एका वेळी पाठवणं किंवा घेणं) जातो. मग तुमच्याकडे सीआरसी एरर (बिघडून आलेला डेटा), त्याच्याकडे लेट कोलिजन (उशिरा झालेली टक्कर), आणि लिंक ‘अप’ असूनही फाइल रखडत जाते.

इथटूलला कॅपिटल एस देऊन काउंटर पाहा, एखादी मोठी फाइल कॉपी करा, पुन्हा पाहा. जुना आकडा जागचा हलला नाही तर सोडून द्या. सीआरसी वाढत असेल तर आधी पॅच कॉर्ड, म्हणजे सुटी केबल, बदला, मग स्विचचा पोर्ट, आणि एका वेळी एकच. दोन्ही एकदम बदलले तर दोष कशात होता ते कळणार नाही.

प्लग नव्याने क्रिम्प करताना जोड्यांचे पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी: हाच क्रम दोन्ही टोकांना. स्वस्तातली तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल मी तरी भिंतीत घालणार नाही. ती वाकवली की आतून तुटते आणि टेस्टरवर कधी पास, कधी नापास होते.

केबल आणि पोर्ट बदलूनही, विशेषतः मशीन निवांत असताना लिंक पडत असेल, तर वीज वाचवणारं ईईई बंद करून पाहा: इथटूल, सेट-ईईई, इंटरफेसचं नाव, ईईई ऑफ. रीबूटनंतर ही सेटिंग टिकत नाही. फरक पडला तर ती स्टार्टअपमध्ये घाला.